किंमत न सांगणारी घड्याळं आणि वाशिमची मध्यरेषा

आजचा भाग ऐकून झाला की एक प्रयोग करा. एखाद्या महागड्या स्विस घड्याळाच्या ब्रँडची वेबसाइट मोबाईलवर उघडा आणि एका घड्याळाची किंमत शोधा. किती वेळ लागतो ते टायमर लावून बघा.

मी हा प्रयोग वाशिमच्या पाटणी चौकात, मित्राच्या दुकानासमोर उभं राहून केला. ब्रँडचं नाव सांगत नाही, कारण मुद्दा एका कंपनीचा नाहीच. आधी काळा स्क्रीन आला. मग बर्फाचे डोंगर. मग एका कारागिराची बोटं, तीही स्लो मोशनमध्ये. मग ‘तुमचा देश निवडा’. मग ‘आमचा वारसा’. घड्याळाचा फोटो आला तो अर्धाच लोड झाला. किंमत कुठंय? ‘विनंतीनुसार कळवू’. जवळचं दुकान कुठंय? मुंबईला, म्हणजे आपल्यापासून पाचशेहून जास्त किलोमीटरवर.

मित्र हे सगळं बघत होता. म्हणाला, “अबे, त्यायले तुले इकाचंच नाही!”

आम्ही हसलो. पण घरी आल्यावर वाटलं, गडी बरोबर बोलला. त्याच्या त्या एका वाक्यामागे मोठा इतिहास आहे, आणि तो सांगायला आपल्याला वाशिमपासूनच सुरुवात करता येते.

वेळेचा पत्ता: वत्सगुल्म

वाशिमचं जुनं नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी, हे शाळेत वाचलंच असेल. पण या गावाची आणखी एक ओळख आहे, ती वेळेशी जोडलेली.

आज जग ग्रिनिचपासून वेळ मोजतं. आपल्या जुन्या ज्योतिर्गणितात ही मूळ रेषा लंकेपासून मेरूपर्यंत, उज्जैनवरून जाणारी मानली जायची. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी ‘करणकुतूहल’ हा ग्रंथ लिहिला, त्यात या रेषेवरच्या ठिकाणांची यादी दिली आहे. त्या यादीत उज्जैन आहे, कुरुक्षेत्र आहे आणि आपलं वत्सगुल्मही आहे. वाशिममध्ये मध्यमेश्वराचं देऊळ आहे, आणि ही रेषा तिथूनच जाते असं लोक आजही सांगतात.

आता नकाशा उघडलात तर वाशिम उज्जैनच्या बरोबर खाली नाही, थोडं पूर्वेला आहे. सूर्याच्या हिशोबात फरक साधारण साडेपाच मिनिटांचा. त्या काळाच्या साधनांनी एवढ्या लांबचा हिशोब इतका जवळ येणं ही कमाल आहे.

पण मला आवडते ती दुसरी गोष्ट. ही यादी श्लोकात आहे, का? तर पाठ करता यावी म्हणून. आपलं गाव या रेषेपासून किती दूर आहे हे कळलं की गणिती आपल्या गावापुरती दुरुस्ती करून घ्यायचा. अर्थात संस्कृत आणि गणित येणारे लोक थोडेच होते, हेही खरं. पण लिहिणाऱ्याची धडपड माहिती पोचवण्याची होती. एकदा पाठ केलं की लोडिंगचा प्रश्नच नाही!

सगळ्यांसाठी एक वेळ

मग इंग्रज आले, रेल्वे आली आणि गावागावाची वेगळी वेळ अडचणीची झाली. १ जानेवारी १९०६ पासून सगळ्या देशासाठी एक प्रमाणवेळ ठरली. आपला आजचा ‘आयएसटी’ तो हाच. ही वेळ मिर्झापूरजवळच्या रेखांशावरची आहे, त्यामुळे वाशिमची सूर्यावरची वेळ तिच्या सरासरी साडेएकवीस मिनिटं मागे पडते. म्हणजे मोबाईलमध्ये बारा वाजतात तेव्हा वाशिमच्या आकाशात अजून दुपार व्हायची असते.

मुंबईकरांनी तर या नव्या वेळेला जोरदार विरोध केला. ती त्यांच्या घड्याळाच्या ३९ मिनिटं पुढे होती. गिरणी कामगार चिडले, महापालिका भांडली, आणि ‘बॉम्बे टाइम’ त्या शहरात स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं टिकून राहिला. लोक वेळेसाठी भांडत होते, कारण वेळ सगळ्यांची होती.

एक कार्ड टाका, घड्याळ येईल

त्याच मुंबईतून स्विस घड्याळं देशभर जायची. फाव्हर-ल्यूबा १८६५ च्या सुमारास भारतात आली. वेस्ट एंड ही घड्याळांची कंपनी तर एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मुंबईतच नावारूपाला आली. पण वऱ्हाडातल्या माणसानं मुंबईचं घड्याळ घ्यायचं कसं?

उत्तर होतं पोस्ट. १८७७ मध्ये व्हीपीपी सुरू झाली, ज्याला आपले आजोबा ‘व्हीपी’ म्हणायचे. वस्तू पोस्टानं येणार, पैसे पोस्टमनच्या हातात द्यायचे. आजची ‘कॅश ऑन डिलिव्हरी’च की! जुन्या वर्तमानपत्रांत घड्याळांच्या जाहिराती बघा. छोट्याशा चौकटीत घड्याळाचं चित्र, किती वर्षांची गॅरंटी, किंमत आणि मागवायचा पत्ता. बस्स. फसवणूकही व्हायची, पार्सलमधून भलतंच निघायचं, हे खरं. पण किंमत मात्र आधी कळायची. घेणं परवडतं की नाही हे माणूस स्वतः ठरवायचा, घरी बसून, कुणापुढे न लाजता.

पुढे १९६१ मध्ये एचएमटीनं जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीनं बंगळुरूत घड्याळं बनवायला घेतली. एका मॉडेलचं नावच ‘जनता’. काही डायलवर तर आकडेही देवनागरी. लग्नात जावयाला, निवृत्तीला मास्तरांना एचएमटी, हे तुमच्या घरातही घडलं असेल.

मग बिनसलं कुठं?

तारीख २५ डिसेंबर १९६९. जपानच्या सेको कंपनीनं ‘अॅस्ट्रॉन’ हे क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आणलं. स्प्रिंगऐवजी बॅटरी आणि स्फटिक. महिन्याला पाच सेकंदांच्या आसपास फरक. चांगलं चावीचं घड्याळ एका दिवसात तेवढं इकडेतिकडे व्हायचं!

ते पहिलं घड्याळ महाग होतं, पण काही वर्षांत क्वार्ट्झ स्वस्त झालं आणि स्वित्झर्लंड हादरलं. १९७० च्या सुमारास तिथल्या घड्याळ उद्योगात जवळपास ९० हजार लोक कामाला होते. पंधरा वर्षांत ते निम्म्याहूनही कमी उरले.

वाचलेल्या कंपन्यांनी ओळखलं की अचूक वेळ विकून आता पोट भरणार नाही, ती शंभर-दोनशे रुपयांतही मिळते. मग त्यांनी वेळ विकणं सोडलं आणि वारसा, कारागिरी, दुर्मिळपणा विकायला सुरुवात केली. घड्याळाचा दागिना झाला. आणि असा दागिना सहज मिळाला तर त्याचा रुबाब काय राहिला?

आता ती वेबसाइट आठवा. बहुतेक फोटोंत काटे दहा वाजून दहा मिनिटांवर, म्हणजे ब्रँडचं नाव झाकलं जात नाही. २००० नंतरच्या दशकात अशा बऱ्याच साइट ‘फ्लॅश’वर बनायच्या, पडदा उघडल्यासारखं अॅनिमेशन, संगीत. २००७ मध्ये आयफोन आला, त्यावर फ्लॅश चालतच नव्हतं. २०२० च्या शेवटी फ्लॅश कायमचं बंद झालं. तंत्र बदललं, पण पडद्याची हौस काही गेली नाही.

कंपन्यांची बाजूही ऐकू. देशादेशांत कर वेगळे, किमती बदलत्या, नकली मालाची भीती, ठरलेल्या दुकानदारांशी जुने संबंध. हे सगळं खरं आहे. पाटेक फिलिपनं तर आपल्या दुकानदारांना ऑनलाइन विक्रीची परवानगी दिली ती थेट २०२० च्या लॉकडाऊनमध्ये, आणि तीही तात्पुरती. पण त्याआधी २०१७ मध्ये ओमेगानं एका खास मॉडेलची २,०१२ घड्याळं ऑनलाइन बुकिंगला ठेवली, ती चार-सव्वाचार तासांत संपली. म्हणजे मनात आणलं तर जमतं!

म्हणून माझं म्हणणं असं, की या साइट चुकून वाईट झालेल्या नाहीत. ते दार आहे आणि दारावर माणूस उभा आहे. ज्याला किंमत विचारावी लागते त्याला थोडं अवघडल्यासारखं व्हावं, अशीच ती मांडणी आहे.

आणि म्हणूनच हे तुम्हाला सांगावंसं वाटलं. रिसोड, मानोरा, कारंजाच्या एखाद्या पोराचा फोन त्या काळ्या स्क्रीनवर अडकतो तेव्हा त्याला वाटतं, फोन भंगार आहे, नेटवर्क भंगार आहे, आपलीच लायकी नाही. तसं नाहीये भावा. पाच रुपयांच्या बिस्किटपुड्यावर किंमत छापलेली असते. लाखांच्या वस्तूची किंमत विचारण्यात लाज कसली?

तुमच्यापैकी कितीतरी जण आज कोडिंग शिकताय, डिझाइन शिकताय. उद्या चौकातल्या घड्याळजीची, नाहीतर गावातल्या बचत गटाची साइट तुम्हीच बनवाल. तेव्हा ती जुनी चौकट आठवा: चित्र, किंमत, गॅरंटी, पत्ता. साध्या फोनवर, एका काडीच्या रेंजमध्ये उघडेल अशी.

आणि हो, प्रयोग केलात तर किंमत सापडायला किती मिनिटं लागली ते नक्की कळवा. माझा टायमर अकरा मिनिटांवर थांबला, कारण फोनची बॅटरी संपली. भेटू पुढच्या भागात!