वंदनेच्या मागून आलेले विहार

नवापूरच्या रेल्वे स्थानकाचा फलाट दोन राज्यांत विभागलेला आहे. थोडा महाराष्ट्रात, थोडा गुजरातेत. १ मे १९६० रोजी राज्ये वेगळी झाली, रूळ मात्र एकच राहिले. रंगावलीच्या काठच्या या आदिवासी तालुक्यातून पोटापाण्यासाठी सुरतेला जाणे किंवा नोकरीच्या बदलीवर इकडे येणे पूर्वापार चालत आले आहे. नंदुरबार जिल्ह्याची जवळजवळ सत्तर टक्के वस्ती आदिवासी आहे. बौद्ध घरे थोडी आणि विखुरलेली. अशा मुलखात बौद्धांची संस्था म्हणजे नेमके काय, हे पाहायचे तर इमारतीच्या कोनशिलेवरची तारीख फारशी उपयोगाची नाही. संस्था सुरू होते ती कोणाच्या तरी घरी पाच-सात माणसे पांढऱ्या कपड्यांत बसतात आणि वंदना घेतात तेव्हा. भिंती आणि छत पुष्कळ नंतर येतात, कधी येतही नाहीत.

म्हणून पुढची वाटचाल भारतीय बौद्ध महासभेची असली, तरी मी ती वंदनेच्या अंगाने सांगतो आहे.

खानदेशाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे येणे ठाऊक होते. धर्मांतराची घोषणा १३ ऑक्टोबर १९३५ रोजी झाली ती येवल्याला, खानदेशाच्या उंबरठ्यावर. पुढे ३१ जुलै १९३७ रोजी न्यायालयाच्या कामासाठी ते धुळ्याला आले आणि लळिंगच्या डोंगरातल्या लांडोर बंगल्यात उतरले. आजही दरवर्षी त्या दिवशी लोक तिथे जमतात. नवापूर तेव्हा पश्चिम खानदेशात होते, नंतर धुळे जिल्ह्यात आणि १ जुलै १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यात. येवल्याची घोषणा आणि नागपूरची दीक्षा यांच्यात एकवीस वर्षांचे अंतर पडले. हिंदू धर्म सोडायचा हे ठरले होते, पण सोडल्यावर रोज सकाळी हात जोडून काय म्हणायचे, हे ठरलेले नव्हते.

हा प्रश्न बाबासाहेबांनी फार गांभीर्याने घेतला. त्यांच्या विद्वत्तेबद्दल आपण भरभरून बोलतो, या बाजूबद्दल कमी बोलतो. १९५४ च्या डिसेंबरात ते रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले. ब्रह्मदेशच्या बुद्ध शासन कौन्सिलसाठी त्यांनी केलेल्या निवेदनात तत्त्वज्ञानाची चर्चा थोडी आहे आणि कामाची यादी मोठी. सामान्य माणसाला वाचता येईल असा एक ग्रंथ हवा, गृहस्थांसाठी दीक्षेचा विधी हवा, भिक्खू नसलेले प्रचारक हवेत, विहारांत दर रविवारी सामुदायिक वंदना आणि तिच्यामागून प्रवचन हवे. भारतात बौद्ध समाज उभा राहण्यापूर्वीच त्याचा रविवार कसा जाईल, याची आखणी झाली होती.

त्याच महिन्यात, २५ डिसेंबर १९५४ रोजी, पुण्याजवळच्या देहूरोडला त्यांच्या हस्ते रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना झाली. दीक्षेला अजून जवळजवळ दोन वर्षे होती. समोर बसलेले हजारो लोक कागदोपत्री हिंदूच होते. मूर्ती आधी आली, धर्म मागून आला. ४ मे १९५५ रोजी मुंबईत भारतीय बौद्ध महासभा स्थापन झाली. त्याच काळात बाबासाहेबांनी बौद्ध पूजापाठाची एक लहानशी पुस्तिका सिद्ध केली. पाली गाथा आणि त्यांचा मराठी अर्थ असे तिचे रूप. मला वाटते, महासभेची खरी घटना म्हणजे ही पुस्तिकाच.

मग १४ ऑक्टोबर १९५६, नागपूर. कुशीनाऱ्याचे वयोवृद्ध महास्थविर चंद्रमणी यांनी बाबासाहेबांना आणि त्यांच्या पत्नी माईसाहेबांना त्रिसरण-पंचशील दिले. त्यानंतर जे घडले ते बौद्ध परंपरेत फार मोठे आहे. बाबासाहेब स्वतः उभे राहिले आणि लाखोंच्या समुदायाला त्यांनी दीक्षा दिली. भिक्खू नसलेल्या एका उपासकाने ती दिली. दुसऱ्या दिवशीच्या भाषणात त्यांनी सांगितले की प्रत्येक बौद्धाला इतरांना दीक्षा देण्याचा अधिकार आहे. पुढे गावोगावचे विहार उभे राहिले ते याच अधिकाराच्या पायावर.

आणि तो अधिकार लगेच वापरावा लागला. दीक्षेनंतर दोन महिन्यांच्या आत, ६ डिसेंबरला, बाबासाहेब गेले. ७ डिसेंबरला दादरच्या चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले, तेव्हा भदंत आनंद कौसल्यायन यांनी तिथेच जमलेल्या शोकाकुल लोकांना दीक्षा दिली. त्या दिवशी रडत रडत त्रिसरण म्हटलेली माणसे आपापल्या गावी परतली. दीक्षेच्या वेळी घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांमुळे जुन्या विधींची वाट बंद झाली होती. ब्राह्मणाकडून कोणताही संस्कार करवून घ्यायचा नाही, हे वचन दिलेले होते. पण मुलीचे लग्न तोंडावर आले तर ते लावायचे कोणी? म्हातारा बाप वारला तर त्याच्या मागे काय म्हणायचे? भिक्खू मोजके. खेड्यात तर कोणी चीवर पाहिलेलेही नसे.

उत्तर पूजापाठाच्या त्या पुस्तिकेतून निघाले. ज्याला वाचता येते तो पुढे बसेल. बहुतेक ठिकाणी तो शाळामास्तर असे, रेल्वेतला किंवा कचेरीतला कोणी असे. तो एक ओळ म्हणे, बाकीचे ती मागून म्हणत. निरक्षर बायाबापड्यांना ऐकून ऐकून गाथा पाठ झाल्या. त्रिसरण, पंचशील, बुद्धवंदना, धम्मवंदना, संघवंदना, बुद्धपूजा, मग महामंगल सुत्त, शेवटी सब्बसुख गाथा आणि तीनदा साधुकार. महाराष्ट्रात बौद्धांची संख्या १९५१ च्या जनगणनेत अडीच हजारांच्या आसपास होती, १९६१ मध्ये ती जवळजवळ २८ लाख झाली. एवढ्या माणसांना दहा वर्षांत एक सामाईक पाठ मिळाला, तोही पुरोहिताशिवाय. याची किंमत आपण अजून नीट जोखलेली नाही.

महासभेने पुढे या गरजेला शिस्त लावली. यशवंतराव तथा भय्यासाहेब आंबेडकर यांनी १९७७ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत धुरा वाहिली, नंतर मीराताई आंबेडकर अध्यक्ष झाल्या. दहा दिवसांची श्रामणेर शिबिरे, बौद्धाचार्यांचे प्रशिक्षण, महिलांसाठी उपासिका शिबिरे, मुलांसाठी बालसंस्कार शिबिरे अशी घडी बसत गेली. श्रामणेर शिबिरात माणूस डोक्याचे मुंडण करतो, चीवर घालतो, दुपारी बारानंतर जेवत नाही आणि दहा दिवसांनी पुन्हा आपल्या नोकरीवर किंवा शेतावर जातो. त्यांतले काही पुढे बौद्धाचार्य होतात. नामकरण, मंगल परिणय, गृहप्रवेश, पुण्यानुमोदन हे सारे त्यांच्याकडे. संस्थेत गट पडले, अध्यक्षपदावरून वाद झाले, हे झाकण्यासारखे नाही. पण गट कोणताही असो, वंदना तीच राहिली.

या काळातली एक अडचण लहान गावांना फार जाचली. दाखल्यावर ‘बौद्ध’ लिहिले की केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती जात. १९९० मध्ये कायदा बदलेपर्यंत ही टांगती तलवार होती. कित्येक घरांत कागदावर जुनी जात आणि देव्हाऱ्याच्या जागी बुद्ध-बाबासाहेबांच्या तसबिरी असा दुहेरी संसार चालला. लेकरांच्या शिक्षणासाठी केलेल्या त्या तडजोडीला मी नावे ठेवणार नाही. कागद काहीही म्हणो, पौर्णिमेला वंदनेला बसलेला माणूस बौद्धच होता.

वर्षभरात या समाजजीवनाला सर्वांत जास्त भर येतो तो वर्षावासात. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी वंदना आणि ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. इंग्रजी मूळ ग्रंथ १९५७ मध्ये, बाबासाहेबांच्या पश्चात प्रसिद्ध झाला. मराठीतून तो वाचला जातो तो बहुतेक ठिकाणी बायकांच्या तोंडून. पुरुष कामावरून उशिरा येतात. महिला मंडळ पाचच्या सुमारास झाडलोट करते, सतरंजी अंथरते, फुले आणि मेणबत्त्या मांडते. कुटुंबे पाळीपाळीने खीरदान करतात. ज्यांच्या आजीला अक्षरओळख नव्हती त्या बाई माइक हाती घेऊन ग्रंथातले प्रकरण वाचतात, अडखळतात, पुन्हा वाचतात. हे वाचन विहारातले सर्वांत मोलाचे काम आहे असे माझे ठाम मत आहे. नुसत्या पाठांतराबद्दल तरुण मुले शंका घेतात आणि ती रास्त आहे. अर्थ न कळता म्हटलेल्या पालीचा बाबासाहेबांना काय उपयोग वाटला असता? म्हणून तर पुस्तिकेत गाथेशेजारी मराठी अर्थ आहे. जिथे वंदनेनंतर ग्रंथ उघडतो तिथे ही शंका मांडायला जागा मिळते.

आता पुन्हा सीमेकडे. सुरतच्या उधना-लिंबायत भागात खानदेशातून गेलेल्या मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे. तिथल्या मुलांची शाळा कधी गुजराती, कधी हिंदी. पण लग्नाला इकडची माणसे तिकडे गेली की मंगल परिणयाच्या गाथांत अडत नाही. दोन्हीकडचे वऱ्हाडी एकाच सुरात साथ देतात. राज्याची रेघ त्या पाठाला लागत नाही.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ६५ लाखांहून अधिक बौद्ध होते, म्हणजे देशातल्या बौद्धांपैकी तीन चतुर्थांशांहून जास्त. पण हा आकडा विदर्भ, मराठवाडा आणि मुंबई-पुण्याच्या वस्त्यांनी भरलेला आहे. नवापूरसारख्या गावाचे गणित निराळे. इथे वंदना पुढे बसून सांगणारा गुरुजी बदलून गेला की साप्ताहिक बैठक थांबण्याची भीती असते. तेव्हा महासभेच्या शाखांनी मोठ्या विहारांच्या सुशोभीकरणाइतकाच खर्च इथल्या माणसांवर करावा. प्रत्येक लहान गावातून, जिची बदली होत नाही अशी एक तरी स्थानिक बाई पुढच्या उपासिका शिबिराला पाठवावी आणि तिच्या दहा दिवसांच्या बुडालेल्या मजुरीची भरपाई शाखेने करावी.