फादर स्टीफन्सचे पुराण

माणसाला धर्मात घेणे निराळे आणि धर्म त्याला समजावून देणे निराळे. ख्रिस्ती उपदेशकाला ही दोन्ही कामे करावी लागतात. पहिले एका दिवसात उरकते. दुसऱ्याला आयुष्य पुरत नाही. सोळाव्या शतकातील गोव्यात हा भेद फार कठोरपणे प्रत्ययास आला.

१५४० पासून तेथे, प्रथम तिसवाडीत व मग साष्टीत, देवळे पाडली गेली. १५६० मध्ये इन्क्विझिशन आले. राजसत्तेच्या दडपणाखाली पुष्कळांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांची जुनी पुराणे बंद झाली. त्यांच्या जागी काय आले? पाठ करावयाची प्रश्नोत्तरे!

इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आले आणि १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत बहुतेक काळ साष्टीतच राहिले. त्यांच्या 'ख्रिस्तपुराणा'च्या आरंभीच एक प्रसंग आहे. एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीबाबांना नम्रपणे विचारतो की, आमची पूर्वीची पुराणे आपण वर्ज्य केलीत, तर त्यांच्या जागी दुसरी का करून देत नाही?

१६१६ साली रायतूर येथे छापलेले हे पुराण म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर होय. ओव्या सुमारे अकरा हजार, भाषा मराठी. लिपी मात्र रोमन, कारण देवनागरीचे खिळे तेथे नव्हते. स्वर्गाला ते वैकुंठ म्हणतात. पण खरे मर्म रचनेत आहे. कथा ख्रिस्तजन्मापासून सुरू होत नाही. पहिल्या भागात सृष्टीची उत्पत्ती, आदाम, मोशे, दावीद व संदेष्टे येतात. ख्रिस्तचरित्र दुसऱ्या भागात. तारणारा आला, ही झाली वार्ता. तारण कशापासून, हे आधीची कथा ऐकल्यावाचून कसे कळणार? येथे आवाहन आणि शिकवण एकाच ओवीत चालतात.

अर्थात, तो प्रश्न बंदीतून उपजला होता, हे विसरता येणार नाही. पुराणाने ती बंदी उठली नाही. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषेविरुद्धच फर्मान काढले. छापील प्रती नाहीशा झाल्या. तरी भाविकांनी हस्तलिखिते जपली. त्यांच्या आधारे १९०७ साली मंगळूरला आणि १९५६ साली पुण्यात, देवनागरीत, हे पुराण पुन्हा छापले गेले. धाकाने म्हटलेले 'होय' कोणी उतरून ठेवीत नाही. समजलेली आणि आवडलेली कथा मात्र माणसे हाताने उतरून मुलाबाळांच्या स्वाधीन करतात.