कुंकवाच्या डबीत नेमकं काय?

कुंकू कशाचं बनतं, हा प्रश्न मराठी घरात सहसा कुणी विचारत नाही. लाल पूड ती, देवापुढे ठेवायची, कपाळाला लावायची. पण काही पिढ्यांत या एकाच शब्दाखाली डबीतला माल निदान दोनदा तरी बदलला. शब्द मात्र तोच राहिला, आणि सगळा घोळ तिथेच आहे, असं माझं मत.

जुनं कुंकू हळदीचं. हळद लिंबाचा रस आणि टाकणखार यांत मुरवायची, वाळवायची, कुटायची आणि वस्त्रगाळ करायची. टाकणखार म्हणजे बोरॅक्स. त्यातलं बोरॉन आंबट रसाच्या सोबतीनं हळदीतल्या करक्युमिनशी जोडलं जातं आणि पिवळ्याचं लाल होतं. दुसरी रीत चुन्याची. कपड्यावरचा हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो ना, तोच प्रकार. सोलापूर जिल्ह्यातलं केम हे गाव आजही कुंकवासाठी ओळखलं जातं.

म्हणजे आजीच्या काळी सगळं शुद्ध होतं? तसंही नाही. कुंकवाच्या शेजारीच शेंदूर होता, आणि शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड. हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक. आपल्या रसशास्त्रात शिशाला 'नाग' म्हणतात! हे दोन्ही पदार्थ कुठल्याही आधुनिक कारखान्याच्या कितीतरी आधीचे आहेत. त्यामुळे रीलमध्ये कुणी 'नॅचरल आहे, काही होत नाही' म्हणालं की मला शेंदूर आठवतो.

पुढे स्वस्त कृत्रिम रंग आले. हळद मुरवून वाळवण्यापेक्षा पांढऱ्या पुडीत लाल रंग कालवणं सोपं. या रंगांची ॲलर्जी येऊन कपाळाला खाज सुटल्याच्या, चट्टा काळवंडल्याच्या नोंदी त्वचारोगतज्ज्ञांनी केल्या. मग चिकटवायची टिकली आली. ना मेण, ना सांडासांड. पण काही टिकल्यांच्या गोंदात पॅरा-टर्शरी-ब्युटाइलफिनॉल नावाचं रसायन निघालं. त्वचेला रंग देणाऱ्या पेशींनाच ते मारतं. टिकलीच्या जागी टिकलीएवढाच पांढरा डाग पडतो. याच जातीचा प्रकार 1939 साली अमेरिकेत नोंदला गेला होता. कातडी कमावण्याच्या कारखान्यातल्या कामगारांच्या हातांवर रबरी हातमोज्यांमुळे पांढरे चट्टे उठले होते. तिथलं रसायन वेगळं, पण फिनॉलच्याच गोतावळ्यातलं.

माझ्या मावशीच्या भुवयांमध्ये असा डाग आहे. घरातल्यांनी कोड समजून दोन वर्षं पथ्यं लावली, मुलीच्या लग्नात अडचण येईल म्हणून कुजबुज झाली. डॉक्टरांनी टिकली बंद करायला सांगितली, तेव्हा मावशीनं काय करावं? डाग झाकायला आणखी मोठी टिकली लावायला घेतली. लिपस्टिक सोसली नाही तर बाई ती फेकून देते. कुंकू सोसलं नाही तरी सवाष्णीनं मोकळ्या कपाळानं बाहेर पडायचं नाही. सौंदर्यप्रसाधनांच्या इतिहासात ही गोष्ट वेगळी मोजायला हवी: इथे वापर थांबवण्याची मुभाच नव्हती.

शिशाचं प्रकरण तर अजून ताजं आहे. 2017 साली अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी सिंदुराचे 118 नमुने तपासल्याचं प्रसिद्ध केलं. त्यांतले 95 न्यू जर्सीच्या दुकानांतले आणि 23 भारतातले होते. सुमारे 80 टक्के नमुन्यांत शिसं सापडलं. बहुतेकांत थोडं होतं, पण काहींत दर ग्रॅमला 3 लाख मायक्रोग्रॅमच्याही वर. म्हणजे जवळपास एक तृतीयांश पूड शिशाचीच! शिसं धडधाकट कातडीतून फारसं आत जात नाही. ते बोटांवरून तोंडात जातं, आणि रांगत्या मुलाचं बोट कुठे नसतं? मुलांच्या मेंदूला त्याची कुठलीच मात्रा सुरक्षित नाही.

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. 1940चा औषध कायदा 1962च्या दुरुस्तीनं सौंदर्यप्रसाधनांनाही लागू झाला. रंगासाठी शिशाची किंवा आर्सेनिकची संयुगं वापरायला बंदी आहे. 2020च्या नियमांतही ती कायम आहे. पण सुट्या पुडीवर लेबलच नसतं. पंढरपुरात कुंकवाच्या ढिगासमोर मी एका दुकानदाराला विचारलं, ''दादा, हे हळदीचं का?''

''ताई, कुंकवाचंच आहे की.''

थट्टा नव्हती ती. त्याला तो प्रश्नच कळला नव्हता.

मी आता काय करते ते सांगते. कपाळासाठी सीलबंद डबी घेते. घटकांची यादी, परवाना क्रमांक, बॅच नंबर, उत्पादकाचा पूर्ण पत्ता, सगळं फोनवर झूम करून वाचते. 'फक्त पूजेसाठी' लिहिलेली पाकिटं पूजेलाच ठेवते आणि शेंदूर लहान मुलांच्या हाताला लागू देत नाही. लिंबू पिळून बघायचा खेळ चुन्याच्या कुंकवावर छान होतो, ते परत पिवळं पडतं. पण शिसं आहे की नाही, हे लिंबू सांगत नाही. त्याला प्रयोगशाळाच लागते. आणि टिकलीखाली खाज सुटली तर त्याच दिवशी ती काढते. घरात आलेल्यांनी विचारलं तर मावशीचं कपाळ दाखवायला मावशी स्वतःच पुढे येते.