गॅलरीतले सौर पॅनेल

‘पिन खोचली की वीज सुरू’ : गॅलरीतल्या पॅनेलचा हा बेत जर्मनीत खपून जातो, तिथे ८०० वॅटपर्यंत नुसती नोंदणी पुरते. अमेरिकेतल्या युटा राज्यानेही २०२५ मध्ये १,२०० वॅटपर्यंतच्या संचांना वीजकंपनीशी करार करण्यातून सूट दिली. डोंबिवली काय नि ठाणे काय, इथे महावितरणकडे अर्ज आणि नेट मीटर आलेच. २०२४ च्या केंद्रीय नियमांनी छतावरच्या १० किलोवॅटपर्यंतच्या संचांची तांत्रिक व्यवहार्यता तपासणी काढली. सोसायटीची सामाईक गच्ची मात्र कमिटीच्याच हाती. अर्ज कंटाळवाणा खरा, पण उगाच नव्हे. पुरवठा बंद असताना घरातून तारेत वीज गेली, तर खांबावरच्या वायरमनच्या जिवावर बेतते. शिवाय काही साधे मीटर बाहेर गेलेली वीजही वापर म्हणूनच मोजतात.