न्हाणीघराची लादी

नळसामानाच्या कोणत्याही दुकानात जाऊन बाथरूमच्या जमिनीत बसवायचे भांडे मागा. दुकानदार लगेच विचारील, ‘नहाणी ट्रॅप पाहिजे ना?’ ट्रॅप हा शब्द साहेबाचा, पण त्याच्या पाठीवर बसलेली ‘नहाणी’ म्हणजे आपली जुनी न्हाणीच होय. घर बदलले, बंब जाऊन गीझर आला, घंगाळाची जागा शॉवरने घेतली. पाणी निघून जाण्याच्या जागेचे नाव मात्र तेच राहिले. लादीकाम नीटनेटके आहे की नाही हे आपण बहुधा रंगावरून ठरवतो. खरे पाहता ते पाण्याने ठरवायचे असते. ही गोष्ट जुन्या लोकांना ठाऊक होती. आपण ती कशी विसरलो, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

कोकणपट्टीतल्या घरांत न्हाणी बहुधा मागीलदारी, परसाच्या बाजूला असे. जमिनीवर एकदोन मोठे दगड, एका अंगाला उतार, आणि तेथून निघालेले पाणी अळूला नाहीतर केळीला. उतार चुकला तर दुसऱ्या दिवशी कळे, कारण अळू सुके आणि पायाखाली डबके साचे. घरातली बाईच काम पास की नापास ते सांगून टाकी. चूक उघड्यावर असे, म्हणून ती सुधारलीही जाई.

पुढे रेल्वे आली. 1871 साली मुंबईकडून निघालेला लोहमार्ग रायचूरला पोहोचला. वाटेतल्या शहाबादच्या खाणींतला करडा चुनखडीचा दगड त्या मार्गाने महाराष्ट्रात घरोघर गेला, आणि ‘शहाबादी’ हे गावाचे नाव न राहता फरशीचे नाव होऊन बसले. ही फरशी कोठे जाड, कोठे पातळ. गवंड्याला प्रत्येक तुकडा हाताने तोलून, खालच्या मसाल्यात कमीजास्त करून बसवावा लागे. दगड वेडावाकडा होता, म्हणूनच हात सरळ लागत होता.

याच सुमाराला विलायतेत निराळे काही घडत होते. 1840 साली रिचर्ड प्रॉसर याने जवळजवळ कोरड्या मातीची भुकटी यंत्रात दाबून वस्तू घडवण्याचे पेटंट घेतले. ओली माती सुकताना आकसते, दाबलेली भुकटी फारच कमी आकसते. त्यामुळे एकसारख्या मापाच्या लाद्या करणे सोपे झाले. मिंटनसारख्या कारखान्यांनी ही रीत उचलली. मुंबईतही कुलाब्याच्या अफगाण चर्चची नक्षीदार जमीन इंग्लंडहून आलेल्या लाद्यांचीच आहे. मग स्वदेशीचे वारे वाहू लागले. 1922 साली सिधवा घराण्याने ‘भारत’ नावाने सिमेंटच्या रंगीत लाद्यांचा उद्योग उरणला सुरू केला. परदेशी मालाच्या तोडीची लादी आपल्या मातीत होऊ शकते, हे त्याने दाखवून दिले. 1959 साली सिमेंटच्या लाद्यांसाठी भारतीय मानकही आले. आज तर देशातला मोठा माल गुजरातेतील मोरबीहून येतो.

आता पावणे गावाकडे वळू. पारसिकचे डोंगर आणि ठाण्याची खाडी यांच्यामधल्या या पट्ट्यात भातशेती, मासेमारी आणि मिठागरे यांवर माणसे जगत. 1962 साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि ठाणे-बेलापूर रस्त्यालगत कारखान्यांची वसाहत वाढत गेली. 1970 साली सिडको आली. नव्या शहरासाठी ठाणे, पनवेल आणि उरण भागांतली 95 गावे निवडली गेली. 1973 साली वाशीचा खाडीपूल झाला. जमिनीच्या मोबदल्यासाठी 1984 साली जासई-दास्तानला झालेल्या आंदोलनात पाच जणांचे प्राण गेले. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना निघाली. ज्यांची शेते गेली, त्यांच्या हाती उरले ते घर. म्हणून या भागात घराची दुरुस्ती ही हौस नसते. आयुष्याची पुंजीच त्यात असते.

या घडामोडीत न्हाणी परसातून उठून घरात आली, आणि मजले चढले तशी वर गेली. एकाच्या न्हाणीची जमीन ही दुसऱ्याच्या स्वयंपाकघराचे छत झाली. आता उतार चुकला तर अळू सुकत नाही. खालच्या घरच्या भिंतीला ओल येते, पोपडे सुटतात, स्लॅबमधली सळई गंजते आणि शेजारधर्म तुटतो. सहकारी गृहनिर्माण संस्थेत पावसाची व बाहेरच्या सामाईक नळांची गळती संस्थेने बघायची असते. आपल्या न्हाणीघरातून होणारी गळती ज्याची त्याने निस्तरायची असते.

काम बिघडते कोठे? पुष्कळदा लादी बदलली, पण हात बदलला नाही. जुनी चकचकीत लादी पाणी शोषून घेई. ती आधी पाण्यात भिजवून सिमेंटच्या रबडीवर बसवली की घट्ट धरी. हल्लीची व्हिट्रिफाइड लादी अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी शोषते. तिला ती रबडी नीट चिकटतच नाही. तिच्यासाठी निराळा चिकटमसाला लागतो. त्यातून मागच्या बाजूला चारपाच ठिकाणी गोळे ठेवून लादी भिंतीला दाबली, की मध्ये पोकळी राहते. तेथे पाणी मुरते आणि एखादे दिवशी लादी हातात येते. यात गवंड्याची लबाडी असतेच असे नाही. त्याच्या गुरूने जे शिकवले ते त्याच्या काळच्या मालाला बरोबर होते.

तेव्हा परीक्षा कशी करायची ते ऐका. ती स्वस्तातली आहे. पहिली परीक्षा बालदीची. दाराशी एक बालदी पाणी ओता आणि दहा मिनिटांनी पहा. पाणी ट्रॅपकडे गेले पाहिजे. कोपऱ्यात डबके नको, उंबऱ्याकडे ओघळ तर नकोच. मीटरला एक ते दीड सेंटिमीटर उतार पुरतो. दुसरी परीक्षा नाण्याची. प्रत्येक लादीवर नाणे वाजवा. भरीव लादी खणकन् वाजते, पोकळ लादी मडक्यासारखा आवाज देते. तिसरी परीक्षा पट्टीची. सरळ फळी जमिनीवर आडवीउभी फिरवा. कोठे कड वर आली असेल तर पायालाच नव्हे, नखालाही लागते. भिंतीला ओळंबा लावा, कोपऱ्याला गुण्या. चौथी परीक्षा डोळ्याची. सांधे एकसारखे आहेत का? दाराजवळच बोटभर रुंदीची चिरफळी आली आहे का? तशी आली असेल तर समजावे की मधून मोजून आखणी केलीच नव्हती.

सापडलेले सगळे दोष सारखे नसतात. एखादा सांधा केसभर रुंद असणे हा डोळ्याचा दोष. तो सोसून घ्यावा. सांध्यातले सिमेंट झडले असेल तर वरवर लिंपू नका. खोलवर खरवडून, धूळ काढून पुन्हा भरा. भिंत आणि जमीन जुळते त्या कोपऱ्यात सिमेंट तडकते, कारण दोन्ही किंचित हलतात. तेथे लवचीक सिलिकॉन भरावे. मोजक्याच लाद्या पोकळ असतील तर आधी भोवतीचे सांधे कापा, मग छिन्नीने मधून कडेकडे फोडून त्या काढा, म्हणजे शेजारची लादी वाचते. पण उतारच उलटा असेल तर मलमपट्टीने भागणार नाही. जमीन उखडावी लागेल. उखडलीच आहे तर नवी लादी बसवण्याआधी जलरोधक थर द्या, ट्रॅप बंद करून दोनतीन सेंटिमीटर पाणी दोन दिवस साठवा आणि खालच्या घरात जाऊन छत पहा. आणि एक ध्यानात ठेवा: फरशी चकचकीत करायला ॲसिड ओतू नये, ते डागांबरोबर सांध्यांतले सिमेंटही खाते.

शेवटी माणसांविषयी दोन शब्द. नाक्यावरून आलेला गवंडी रोजावर जगतो. काम झाल्यावर भांडण काढले तर त्याचे आणि आपले दोघांचेही नुकसान. त्यापेक्षा बोली आधीच करावी: पाणी ओतून पाहीन, नाणे वाजवून पाहीन, आणि शेवटचा हप्ता त्यानंतर देईन. जाणता कारागीर याला राग मानीत नाही. उलट ‘बघा की’ म्हणून बालदी स्वतःच पुढे करतो. शिक्षक मंडळींनी मुलांना शाळेच्या मोरीतच ही परीक्षा करून दाखवावी. उतार, काटकोन, शोषण हे पुस्तकातले शब्द मग त्यांच्या पायाखाली सापडतील.