कॅरोलाइनचे प्रश्न आणि फॅरडेची तार

आमच्या रेडिओकडे शाळकरी मुलींचे प्रश्न येतात. एकीनं विचारलंय, तारेतून वीज येते हे कळलं, पण ती विहिरीवरची मोटार फिरवते कशी? वीज काही हातानं ढकलत नाही. आणि घरात विचारलं तर ऐकायला मिळतं, "तुला काय करायचंय?" प्रश्न साधा नाही. शिकलेल्या माणसांनाही दोनशे वर्षांपूर्वीपर्यंत याचं उत्तर ठाऊक नव्हतं. ते ज्यानं शोधलं, त्याला विज्ञानाची गोडी लावण्यात एका बाईच्या पुस्तकाचा मोठा हात होता. आज त्या दोघांविषयी बोलू.

जेन मार्सेट लंडनच्या, जन्म १७६९ चा. नवरा डॉक्टर, घर खाऊनपिऊन सुखी. लंडनमध्ये १७९९ साली रॉयल इन्स्टिट्यूशन ही संस्था निघाली. तिथं हम्फ्री डेव्ही व्याख्यानं देत, प्रयोग करून दाखवत. बायकांना ऐकायला मुभा होती आणि त्या जातही असत. ऐकायची मुभा वेगळी आणि बरोबरीनं बसवणं वेगळं, हे तुम्हांला काय सांगायचं? शास्त्रज्ञांची मानाची संस्था म्हणजे रॉयल सोसायटी. तिनं बाईला सभासद करून घेतलं ते थेट १९४५ साली.

मार्सेटबाई व्याख्यानाला गेल्या आणि गोंधळून गेल्या. प्रयोग भराभर व्हायचे, डोक्यात काही ठरायचं नाही. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. मग ओळखीच्या जाणत्या माणसाशी त्याच विषयांवर बोलल्या, प्रयोग पुन्हा करून पाहिले, तेव्हा उलगडा झाला. म्हणून पुस्तक लिहायला घेतलं ते गप्पांच्याच रूपात. त्यात एक शिकवणाऱ्या बाई आणि दोन मुली, एमिली नि कॅरोलाइन. कॅरोलाइन मोठी फटकळ. पहिल्याच धड्यात सांगून टाकते की रसायनशास्त्रात काही मजा असेल असं तिला वाटत नाही! बाई रागावत नाहीत, समजावत जातात. आम्हांला या पुस्तकात सगळ्यांत आवडलं ते हे, की मुलीची शंका म्हणजे तिथं आगाऊपणा नाही, धडाच त्या शंकेवर पुढे सरकतो.

हे पुस्तक १८०६ च्या सुमारास निघालं, पण त्यावर बाईंचं नाव नव्हतं. खपलं मात्र खूप, पुन्हा पुन्हा छापलं गेलं. १८१९ साली त्याच दोन मुलींना घेऊन त्यांनी दुसरं पुस्तक काढलं. वस्तू खाली का पडते, गतीचे नियम कोणते, असे विषय त्यात होते.

आता दुसरीकडे वळू. मायकेल फॅरडे हा लोहाराचा मुलगा, जन्म १७९१ चा. घरी एवढी ओढाताण की एका टंचाईच्या वर्षी त्याला आठवडाभरासाठी एकच पाव मिळायचा. शाळा जेमतेम लिहिण्या-वाचण्यापुरती. चौदाव्या वर्षी तो पुस्तकं बांधणाऱ्या दुकानदाराकडे सात वर्षांसाठी उमेदवारीला लागला. बांधायला आलेली पुस्तकं तो वाचूनही काढी. एका ज्ञानकोशातून त्याला विजेची पहिली ओळख झाली आणि मार्सेटबाईंच्या पुस्तकानं रसायनशास्त्राचा पाया घातला. नुसतं वाचून तो गप्प बसला नाही. परवडतील तेवढे छोटे प्रयोग करून पुस्तकातलं खरं आहे का ते तपासलं, आणि ते खरं निघालं. पुढे एका गिऱ्हाइकानं डेव्हींच्या व्याख्यानांची तिकिटं दिली. पोरानं ऐकलेलं सगळं सुबक लिहून, बांधून डेव्हींकडे पाठवलं. १८१३ साली तो त्यांच्याच प्रयोगशाळेत मदतनीस झाला.

१८२० साली डेन्मार्कच्या ओर्स्टेड यांना दिसलं, की तारेतून वीज गेली की जवळची होकायंत्राची सुई हलते. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १८२१ मध्ये, फॅरडेनं पाऱ्याच्या भांड्यात चुंबक उभा केला, वरून एक तार लोंबती सोडली आणि तिचं टोक पाऱ्यात बुडवलं. वीज सोडली तशी तार चुंबकाभोवती गोल गोल फिरायला लागली. (पारा विषारी असतो, घरी करून बघू नका.) विजेच्या जोरावर सतत फिरणारी वस्तू माणसानं केली ती ही. आपली मोटार जळते तेव्हा मिस्त्री ती उघडून तांब्याच्या तारेची वेटोळी बदलतो, पाहिलीत ना? त्यांत वीज गेली की ती चुंबकासारखी वागतात आणि मधल्या भागाला फिरवतात. तत्त्व तेच.

मग फॅरडेनं उलटा प्रश्न विचारला. विजेनं गती येते, तर गतीनं वीज का येऊ नये? उत्तर मिळायला दहा वर्षं गेली. १८३१ साली त्यानं तारेच्या वेटोळ्यात चुंबक आतबाहेर केला आणि वीज वाहिल्याची खूण दिसली. चुंबक स्थिर ठेवला की काही नाही, हलवला तरच. जुन्या सायकलींना डायनॅमो असायचा, चाक थांबलं की दिवा विझायचा, तो याचमुळे. कोयनेला पाणी पडून जनित्रं फिरतात, तिथंही हेच चालतं.

मार्सेटबाईंचं नाव त्या पहिल्या पुस्तकावर आलं ते थेट १८३० च्या दशकात. त्या १८५८ साली वारल्या. तेव्हा जगभर नाव झालेल्या फॅरडेनं एका मित्राला पत्रातून कळवलं, की त्या आपल्या पहिल्या गुरू होत्या, आणि आपला एखादा लेख छापून आला की त्याची प्रत आपण आभार म्हणून त्यांना पाठवत असू.