अंगणातला वाळा

उन्हाळा लागला की माठात वाळ्याची जुडी पडते. पण हा वाळा हिरवा असताना कसा दिसतो, असे वर्गात विचारा. फार थोडी मुले हात वर करतील. आपण त्याला ओळखतो ते त्याच्या वाळलेल्या मुळ्यांवरून.

ही ओळख जुनी आहे. संस्कृतात वाळ्याला ‘उशीर’ म्हणतात. कालिदासाच्या शाकुंतलात तापलेल्या शकुंतलेसाठी उशिराचा लेप नेला जातो. सोळाव्या शतकात अबुल फजलाने ‘ऐन-ए-अकबरी’त लिहून ठेवले, की बांबूच्या चौकटीत वाळ्याची मुळे भरून त्यावर पाणी शिंपडत. पुढे साहेबाच्या कचेरीतही असेच पडदे लागले. म्हणजे बघा, शेकडो वर्षे दरबारी वाळ्याचा इतिहास हा तो उपटण्याचा इतिहास आहे. सुगंध मुळात, मुळी हवी तर ठोंब खणलाच पाहिजे.

शेतकऱ्याने मात्र वेगळे पाहिले. म्हैसूरकडे गुंडलुपेटच्या शेतकऱ्यांनी बांधावर वाळा लावला आणि राहू दिला. 1950 च्या दशकात फिजी बेटांत उसाच्या मळ्यांची माती त्याच्याच ताटव्यांनी अडवली. 1980 च्या दशकात जागतिक बँकेच्या तज्ज्ञांनी हीच रीत पुन्हा भारतात सांगितली. कारण साधे आहे. वाळ्याचे मूळ आडवे पसरत नाही. दोन-तीन मीटर सरळ खाली जाते. दाट ओळीपाशी पाणी थबकते, गाळ तिथेच बसतो.

1972 चा दुष्काळ सोसलेल्या आपल्या जालन्याला हे वेगळे सांगायला नको. उतारावरची काळी माती पहिल्याच मोठ्या पावसात ओढ्याला जाते, आणि ती परत येत नाही.

मग घरी काय कराल? पावसाच्या तोंडाशी ठोंब आणा. अंगणाच्या उताराकडे चार-सहा इंचांवर एक ओळ लावा. पहिले वर्ष तण काढा, मग पात वेळोवेळी कापा. पुरुषभर उंचीचा हिरवा ताटवा दारापुढे शोभतो. कापलेली पात आच्छादनाला येते. चार ठोंब मात्र मोरीच्या पाण्यापाशी वेगळे लावा. दीड वर्षाने माठासाठी खणायचे ते हेच. उतारावरच्या ओळीला कुदळ लावू नका. तिचा सुगंध आपल्याला येणार नाही. माती मात्र घरी राहील.